पिग्मीचं ॲप घेऊन युजेबिलिटी शिका: कोड लिहिणाऱ्यांसाठी

युजेबिलिटी, म्हणजे ॲप न अडखळता वापरता येणं, शिकायची म्हटलं की कोड लिहिणारा माणूस बहुतेक वेळा फिग्मा हे पडदे रेखाटायचं सॉफ्टवेअर उघडतो. रंग निवडतो, बटणांचे कोपरे गोल करतो, सावल्या टाकतो. पंधरा दिवसांत पडदे देखणे होतात आणि ॲप वापरणारा मात्र आधी जिथे अडायचा तिथेच अडतो. फिग्मा लागेल, पण शेवटी. आधी शिकायचं ते दुसऱ्याच्या खांद्यावरून, तोंड बंद ठेवून बघायला. त्यासाठी पुणं-बेंगळुरू गाठायला नको. बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या पेठेत चार संध्याकाळी घालवल्या तरी पुरतं.

सरावाला एकच काम घ्या आणि तेच शेवटपर्यंत धरा. इथे पिग्मी घेतली आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली ही रोजच्या ठेवीची पद्धत आपल्याकडच्या सोसायट्यांत अजून चालते. एजंट दुकानोदुकानी जातो, पन्नास-शंभर रुपये घेतो, पावती देतो आणि गोळा झालेली रोकड सोसायटीत भरतो. शिकायला हे काम झकास आहे. ते लहान आहे, पैशाचं आहे, उन्हात उभ्याने आणि एका हाताने होतं, वर दोन-तीन भाषांत होतं. इथे जे चालेल ते खुर्चीत बसून काम करणाऱ्याला आपसूक चालतं. उलटं होत नाही.

आधी गल्ली, मग टेबल

एखाद्या एजंटची आणि त्याच्या सोसायटीची परवानगी घेऊन दोन दिवस त्याच्याबरोबर फिरा. ॲप दाखवू नका, त्याबद्दल बोलूही नका. वहीत तीन रकाने करा: काय केलं, कशाकडे बघितलं, कुठे थांबला. ‘तुम्हाला ॲपमध्ये काय काय पाहिजे?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर म्हणून माणूस दुसऱ्या ॲपमध्ये पाहिलेल्या गोष्टी सांगतो. ‘मागच्या वेळी हिशेब जुळला नाही तेव्हा काय केलंत?’ असं घडलेल्या प्रसंगाबद्दल विचारा, म्हणजे खरी माहिती मिळते.

आता तुमचा डेटाबेस आठवा. त्यात सभासद, खातं, शाखा, व्यवहार अशी टेबलं असतात आणि पडदाही तसाच निघतो: खाते क्रमांक टाका, शोधा, तपशील उघडा, ‘नवी नोंद’ दाबा, रक्कम लिहा, सबमिट करा, ‘यशस्वी’ असं सांगणारी चौकट बंद करा. टेबलाची रचना पडद्यावर उमटणं हा आपल्या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे. एजंटच्या डोक्यात खाते क्रमांक नसतात, दुकानं असतात. त्याचा क्रम अकारविल्हे नसतो, पायांचा असतो: मारुती गल्लीच्या या टोकाने शिरायचं, त्या टोकाने बाहेर पडायचं. रक्कम बहुतेक वेळा कालचीच असते. आणि दुकान बंद होतं, हीसुद्धा नोंदच असते, कारण उद्या दोन दिवसांचे पैसे मागायचे असतात.

म्हणून पहिला पडदा म्हणजे आजच्या फेरीची यादी, चालण्याच्या क्रमाने. प्रत्येक दुकानासमोर कालची रक्कम लिहिलेलं एक मोठं बटण, शेजारी ‘वेगळी रक्कम’ आणि ‘बंद होतं’. कालचीच रक्कम असेल तर एका दाबात नोंद होते. फरक किती पडतो ते मोजा. एका नोंदीमागे तीन दाब वाचले, एका दाबाला तीन सेकंद लागतात आणि दिवसाला शंभर खाती आहेत, असं धरलं तर रोजची पंधरा मिनिटं वाचतात. एवढ्या वेळात बटणाच्या निळ्या रंगाची छटा बदलून काय मिळालं असतं, तेही एकदा मनाला विचारा.

खाते क्रमांक काढून टाकायचा असं नाही. काउंटरवरच्या कॅशियरला तोच लागतो. एकाच डेटाचे दोन माणसांसाठी दोन वेगळे पडदे होतात, आणि डेटाबेसला त्याचं काही वाटत नाही.

कागदावर आठ वेळा

ए-फोर कागद तीनदा दुमडला की आठ चौकोन होतात. आठ मिनिटांत एकाच पडद्याच्या आठ वेगवेगळ्या मांडण्या काढा. चित्र वाईट आलं तर उत्तम, त्यावर जीव जडत नाही. पहिल्या तीन-चार मांडण्या कुठेतरी पाहिलेल्याच निघतात. हाताशी लागणारं काही असलं तर पाचव्यापासून पुढे सापडतं. दोन निवडा, मोठ्या कागदावर काढा आणि शेजारच्या माणसाला बोटाने दाबायला सांगा. कॉम्प्युटर तुम्ही: त्याने दाबलं की पुढचा कागद समोर ठेवायचा. कोड नसल्यामुळे चूक दुरुस्त करायला खोडरबर पुरतो.

कागदावरच प्रत्येक पडद्याच्या सगळ्या अवस्था काढा. आपण फक्त भरलेली, सुरळीत यादी काढतो. पहिल्या दिवशी यादी रिकामी असेल तर काय दिसेल? डेटा यायला वेळ लागतोय तेव्हा? अर्धा आला आणि तुटला तर? रेंज नसेल तर? खानापूरच्या पश्चिमेच्या जंगलपट्ट्यात आणि जुन्या दगडी इमारतींच्या आतल्या दुकानांत ‘रेंज नाही’ ही अडचण नसते, रोजची स्थिती असते. त्यामुळे नोंद आधी फोनवर साठवायची आणि ती कुठवर पोहोचली ते शब्दांत सांगायचं: ‘फोनवर आहे’, ‘सोसायटीत पोहोचली’. नुसती फिरणारी चकती दाखवली की एजंट पुन्हा दाबतो आणि शंभराचे दोनशे होतात. याचा पक्का इलाज डिझाइनमध्ये निम्मा आणि कोडमध्ये निम्मा आहे. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक अनोखा क्रमांक द्या आणि सर्व्हरवर त्याला युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) घाला, म्हणजे तीच नोंद चारदा आली तरी एकदाच धरली जाईल. चांगला डिझायनर हे मागू शकतो, पण करू शकत नाही. तुम्ही दोन्ही करू शकता.

पाच माणसं, तोंड बंद

चाचणीला पाचच माणसं का, याचं गणित जेकब निल्सन आणि टॉमस लँडाउअर या युजेबिलिटीच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलं. एका माणसाच्या चाचणीत एखादी अडचण दिसण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली तर पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी बाहेर येतात. यात मेख अशी की ती पाच माणसं एकाच प्रकारची असली पाहिजेत. एजंट, कॅशियर आणि खातेदार हे तीन प्रकार आहेत, तेव्हा प्रत्येकातून तीन-चार तरी घ्या. सीमाभागात आणखी एक भेद पाहावा लागतो: मराठी वाचणारे आणि कन्नड वाचणारे. घरात मराठी पण शाळा कन्नड, अशी माणसं गल्लीगल्लीत आहेत. बोलण्यावरून वाचण्याचा अंदाज बांधू नका, विचारून घ्या.

पंधरा माणसांची एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन घ्या आणि मधल्या दिवसांत दुरुस्त्या करा. एका माणसाला अर्धा ते पाऊण तास धरा. फोन त्याचाच असू द्या, चिरलेल्या काचेसकट. खातेदारांची नावं खोटी घाला, खरी यादी चाचणीत आणायची नाही. पडद्याचं रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा. सुरुवातीलाच सांगा की परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही.

कामं लिहिताना पडद्यावरचे शब्द वापरू नका. ‘नवी नोंद दाबून रक्कम भरा’ हे काम नाही, उत्तर आहे. काम असं द्या:

१. कापडदुकानदार रोज १०० देतो, आज त्याने २०० दिले. नोंदवा.
२. काल एका ठिकाणी ५० च्या जागी ५०० पडलेत. ते नीट करा.
३. (मध्येच फोन फ्लाइट मोडवर टाकून) पुढची दोन दुकानं करा.
४. फेरी संपली. पिशवीत किती रोकड असायला पाहिजे ते सांगा.

मग गप्प बसा. सगळ्यात अवघड भाग हाच. माणूस विचारतो, ‘हे दाबू काय?’ त्यावर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच म्हणायचं. दोन मिनिटं पूर्ण अडला तर ते काम सोडून पुढचं द्या. ‘अहो, वर उजवीकडे आहे की!’ असं तोंडातून निघालं की ती चाचणी गेली. पहिल्या दोन चाचण्यांत हे हमखास होतं, म्हणून त्या दोन सरावाच्या समजा. शेवटी ‘ॲप कसं वाटलं?’ विचारलंत तर ‘चांगलं आहे की’ असंच उत्तर येणार. आपल्याकडे पाहुण्याचं मन कुणी मोडत नाही. तोंडावर विश्वास ठेवू नका, बोटावर ठेवा.

त्याच रात्री अडचणींची यादी करा आणि प्रत्येकीला ० ते ४ गुण द्या: ० म्हणजे अडचणच नाही, ४ म्हणजे हे दुरुस्त केल्याशिवाय ॲप बाहेर जाऊ नये. चुकीच्या खात्यात पैसे पडू शकत असतील तर ती चार गुणांची, मग ती एकाच माणसाला आली असली तरी. गुण तुम्ही एकट्याने देऊ नका. ज्याने तो कोड लिहिला नाही अशा माणसाकडून वेगळे गुण घ्या आणि मग ताडून पाहा.

लिपी आणि भाषा: इथे खरी मेहनत

इंग्रजीत शिकवलेल्या डिझाइनच्या नियमांत हा भाग नसतो, आणि आपल्याकडची निम्मी ॲपं इथेच मार खातात.

भाषा कशी निवडायची? जागेवरून ठरवू नका. ५९०००१ हा पिनकोड माणूस मराठी वाचतो, कन्नड की इंग्रजी, यातलं काहीच सांगत नाही. ब्राउझरची भाषाही सांगत नाही, कारण बऱ्याच जणांचा फोन दुकानातून आला तसा इंग्रजीतच चालू असतो. पहिल्यांदा उघडल्यावर एकदा विचारा आणि बदलायची सोय प्रत्येक पडद्यावर डोळ्यांसमोर ठेवा. भाषेचं नाव त्या भाषेच्या लिपीत लिहा. झेंडे, नकाशे, राज्यांची चिन्हं लावू नका. इथे त्यावरून काय होतं ते वेगळं सांगायला नको. आणि ॲपची भाषा व पावतीची भाषा वेगळी ठेवता आली पाहिजे: एजंट मराठीत वाचेल, दुकानदाराला पावती कन्नडमध्ये हवी असेल.

आकड्यांचा घोळ याहून मोठा आहे. जावास्क्रिप्टमध्ये आकडे मांडून देणाऱ्या इंटल नंबर-फॉरमॅटला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) दिलं की ते आपोआप देवनागरी आकडे काढतं, आणि कन्नड लोकेल दिलं की इंग्रजी आकडे काढतं. म्हणजे भाषा बदलली की रकमेचं रूपच बदलतं. पैशाच्या ॲपमध्ये सगळीकडे इंग्रजी आकडे ठेवा, नोटेवर तेच ठळक असतात. लोकेलला अंकपद्धती लॅटिन असल्याचं जोडून सांगता येतं. स्वल्पविराम मात्र आपल्या पद्धतीने पडू द्या, लाखाच्या जागी लाख.

टाइप करताना उलट काळजी घ्यायची. कुणी मराठी कीबोर्डवरून ‘१००’ लिहिलं तर फोनवरच्या जावास्क्रिप्टला ती संख्याच वाटत नाही. सर्व्हरवरचा पायथॉन मात्र तेच आकडे बिनतक्रार वाचतो. त्यामुळे सर्व्हरवर चाललेली गोष्ट फोनवर ‘अवैध रक्कम’ म्हणून अडते आणि चूक सापडता सापडत नाही. फोनवरच देवनागरी आणि कन्नड अंक बदलून घ्या. रकमेच्या खान्याला ‘इनपुटमोड न्यूमेरिक’ हा गुणधर्म द्या, म्हणजे अंकांचा कीबोर्ड उघडतो. ‘टाइप नंबर’ हा गुणधर्म टाळा: डेस्कटॉपवर माउसचं चाक फिरलं की रक्कम गुपचूप बदलू शकते. कॅशियरच्या टेबलावर हे झालं तर रात्री हिशेब जुळत नाही आणि कुणालाच कारण कळत नाही.

शोधताना माणूस बेळगाव लिहील, बेळगावी लिहील, बेलगाम लिहील, किंवा इंग्रजीत दोन प्रकारे लिहील. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पण माणसांची बोटं बदलली नाहीत. सगळी रूपं एकाच ठिकाणी नेणारी पर्यायी नावांची यादी ठेवा: निपाणी-निप्पाणी, चिकोडी-चिक्कोडी. आडनावांतही कुलकर्णी-कुळकर्णी आहेच. त्याखाली युनिकोडचा, म्हणजे अक्षरांना संकेत देणाऱ्या पद्धतीचा, खड्डा आहे. ‘ऱ’ हा एकच संकेत असू शकतो किंवा र आणि नुक्ता असे दोन. हा फरक एनएफसी रूपांतराने (अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरावीक रूपात आणण्याच्या युनिकोडच्या पद्धतीने) मिटतो. पण ‘ॲ’ हे अक्षर आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेलं रूप सारखंच दिसलं तरी एनएफसी त्यांना एक मानत नाही. सुऱ्या, दऱ्या यांतला अर्धा र अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. हे फरक शोधाच्या किल्लीत तुम्हीच पुसून टाका. नाहीतर नाव समोर दिसतंय आणि शोधात सापडत नाही, अशी तक्रार येते.

अक्षरांच्या मांडणीचे थोडे नियम पाठ करा. अक्षरांत अंतर सोडणारा लेटर-स्पेसिंग गुणधर्म देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते. ओळीची उंची १.६ च्या आसपास ठेवा. मराठीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार लागतात, कन्नडची जोडाक्षरं तर बरीच खाली उतरतात. बटणाला ठरावीक उंची-रुंदी देऊ नका, आतली मोकळी जागा द्या आणि मजकुराप्रमाणे वाढू द्या. फाँटमध्ये ठळक वजन नसेल तर ब्राउझर खोटं ठळक करतो आणि अक्षरांच्या पोकळ्या बुजतात. खातेदाराच्या नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवायची हौस सोडा: क्षीरसागरचा ‘क’ आणि श्रीकांतचा ‘श’ होतो.

नावासाठी एकच खाना ठेवा. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे तीन खाने मराठी माणसाला सोयीचे वाटतात, पण इथे कित्येकांच्या कागदपत्रांवर आडनावच नसतं, नुसतं आद्याक्षर किंवा गावाचं नाव असतं. आडनाव सक्तीचं केलं की लोक टिंब टाकून पुढे जातात, आणि तुमच्या डेटात टिंब आडनावाची शेकडो माणसं तयार होतात.

फॉर्म, चुका, माघार

खान्याचं नाव खान्याच्या वर, कायम दिसेल असं. खान्याच्या आत फिकट अक्षरात लिहिलं तर टाइप करताच पुसलं जातं. चूक खाना सोडल्यावर दाखवा, प्रत्येक अक्षराला नाही. ‘अवैध इनपुट’ हा मजकूर कुणाच्याच कामाचा नाही. ‘रक्कम ५० च्या पटीत हवी, तुम्ही १२५ लिहिली आहे’ असं लिहा, आणि भरलेलं काहीही पुसू नका. बटण निष्क्रिय करून ठेवण्यापेक्षा दाबू द्या आणि काय राहिलंय ते सांगा.

‘तुम्हाला खात्री आहे का?’ ही चौकट शंभर वेळा आली की शंभर वेळा न वाचता दाबली जाते. त्याऐवजी नोंद झाल्यावर दहा सेकंद तळाशी ‘मागे घ्या’ची पट्टी ठेवा, आणि पावती ती पट्टी गेल्यावरच द्या. एकदा पावती गेली की मात्र नोंद पुसायची नाही. हिशेबात उलट नोंद करून चूक दुरुस्त होते, आणि दोन्ही नोंदी दिसत राहिल्या पाहिजेत. जिथे चौकट टाळता येत नाही तिथे बटणावर ‘ओके’ नको, कृती लिहा: ‘५०० रुपये जमा करा’ आणि ‘मागे जा’.

अँड्रॉइडचं मागे जाण्याचं बटण उघडी चौकट बंद करतं की आख्खा पडदा सोडून जातं, तेही तपासा. फॉर्म पाठवल्यावर पान रिफ्रेश केलं तर तोच फॉर्म पुन्हा जाता कामा नये. फॉर्म पोस्ट झाल्यावर (सर्व्हरकडे गेल्यावर) ब्राउझरला दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट करण्याची, म्हणजे वळवण्याची, जुनी पद्धत यासाठीच आहे.

मोजमापं

ही थोडीच आहेत, भिंतीवर चिकटवा. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या ऑक्टोबर २०२३ च्या मानकात साध्या मजकुराला ४.५ ला १ एवढा काँट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) आणि दाबायच्या जागेला किमान २४ पिक्सेल मागितले आहेत. उन्हात उभ्या एजंटसाठी ते कमी पडतं: ७ ला १ आणि ४८ पिक्सेल धरा. प्रतिसाद ०.१ सेकंदात आला तर लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते, १० सेकंदांनंतर माणूस दुसरीकडे बघतो. गुगलच्या कोअर वेब व्हायटल्स या वेबपानाच्या मापांमध्ये मुख्य मजकूर २.५ सेकंदांत, दाबाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत आणि मांडणीची हालचाल ०.१ पेक्षा कमी, अशा मर्यादा आहेत. यातल्या तिसरीकडे दुर्लक्ष होतं. वर उशिरा आलेल्या सूचनेमुळे यादी एक घर खाली सरकली, तर बोट शेजारच्या दुकानावर पडतं आणि पैसे त्याच्या खात्यात जातात. ही नुसती कामगिरीची बाब राहत नाही.

क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्स या तपासणीच्या साधनांत नेटवर्क मंद करा, सीपीयू चारपट सावकाश करा, पडदा ३२० पिक्सेल रुंद करा आणि रंग काढून टाका. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने पूर्ण नोंद करून पाहा. पान आपोआप तपासणाऱ्या लाइटहाउसचे शंभर गुण आले म्हणून खूश होऊ नका. गल्लीचा क्रम चुकलाय हे त्याला कळत नाही.

पावती

एजंटच्या कमरेला लटकणाऱ्या छोट्या प्रिंटरचा कागद ५८ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर छापायची जागा सहसा ४८ मिलिमीटर, म्हणजे ३८४ ठिपके. अशा प्रिंटरच्या अंगच्या अक्षरांत देवनागरी किंवा कन्नड बहुधा नसतं, मजकूर पाठवला की प्रश्नचिन्हं छापून येतात. पावती ब्राउझरच्या कॅनव्हासवर (चित्र काढायच्या जागेवर) ३८४ ठिपके रुंदीचं काळं-पांढरं चित्र म्हणून काढा आणि ते चित्र पाठवा. अक्षर २४ ठिपक्यांपेक्षा लहान ठेवलंत तर मात्रा बुजतात. ब्राउझरचं वेब ब्लूटूथ फक्त कमी ऊर्जेच्या ब्लूटूथशी बोलतं. बरेच स्वस्त प्रिंटर जुन्या पद्धतीचे असतात आणि आयफोनच्या सफारीत ही सोयच नाही. म्हणून प्रिंटर विकत घेण्याआधी एकदा जोडून, पावती छापून पाहा. कागदावर दुकानाचं नाव, रक्कम आणि आजपर्यंतची जमा हे तीनच ओळींत, मोठं. दुकानदार पावती हातात घेतो, जमा बघतो आणि गल्ल्यात टाकतो. बाकीचं कुणी वाचत नाही.